कोपरा फाटलेली पत्रं

१

ठाण्याच्या कचेरीत अण्णांच्या डोळ्यांना टरकून असणारी माणसं पुष्कळ होती. अण्णा दिसायला किडकिडीत, आवाज बेताचा. पण कागद हातात आला की त्यांची मान जरा डावीकडे कलायची आणि समोरचा आपला कागद मागे घ्यायला बघायचा. अक्षर ओळखण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. मेलेल्या बापाची सही ठोकून वाडी आपल्या नावावर करायला निघालेल्या निदान चार सुपुत्रांना त्यांनी फौजदारापुढे उभं केलं होतं. अक्षराच्या बाबतीत आपल्याला कोणी फसवणार नाही, अशी त्यांची पक्की खात्री होती. ती सन १८८६च्या श्रावणापर्यंत टिकली.

त्या वर्षी वैशाखात त्यांचा एकुलता एक मुलगा श्रीपाद विलायतेला गेला होता. शिकायला नव्हे, नुसतं बघायला. आपल्या मुलांनी एकदा नवी यंत्रं आणि जुनी शहरं डोळ्यांनी पाहून यावीत, असं मुंबईच्या एका शेटजींच्या डोक्यात आलं. त्यांनी ठाण्याकल्याणची चार हुशार मुलं निवडली, त्यांच्यावर देखरेखीला गोविंदमास्तरांना दिलं आणि पाचही जणांना आगबोटीत बसवलं. स्कॉटलंडात एडिंबरो नावाचं जुनं शहर आहे, तिथे मोठं प्रदर्शन भरलं होतं. समुद्र ओलांडायचा म्हणून टेंभी नाक्यावर बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. परत आल्यावर प्रायश्चित्त घेऊ, असं सांगून अण्णांनी त्यांची तोंडं बंद केली.

विलायतेची डाक आठवड्याला एकदा यायची. अण्णा ओसरीवर बसून पत्र मोठ्याने वाचत आणि तुळसाबाई, म्हणजे श्रीपादच्या आई, दाराच्या आत उभ्या राहून ऐकत. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. सहा मजली दगडी घर, वर चढणारा अंधारा गोल जिना, खडकावरचा किल्ला, दुपारी एकच्या ठोक्याला उडणारी तोफ, रोज संध्याकाळी जिन्यात उभं राहून मुलांची नावं घेणारे मास्तर, सगळं त्यांना तोंडपाठ झालं होतं. आषाढातल्या शेवटच्या पत्रात श्रीपादने लिहिलं होतं, इथे उन्हाळ्यातही थंडी हाडात शिरते, आणि खोकला काही जात नाही.

मग दोन आठवडे कोरडे गेले. तिसऱ्या आठवड्यात दगडू टपालवाला आला तो ओसरीची पायरी चढेचना. अंगणातच उभा राहून त्याने हात लांब केला.

"अण्णा, मी नाय फारला. मुंबैशी असाच आला."

लिफाफ्याचा उजवा कोपरा फाडलेला होता.

२

कोणी गेल्याचं कळवायचं असलं की पत्राचा कोपरा फाडून पाठवतात, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. तसलं पत्र उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. बाहेर वाचायचं, तिथेच फाडून टाकायचं आणि अंगावर पाणी घ्यायचं. अण्णा पत्र घेऊन मागच्या विहिरीवर गेले. लिफाफ्यावरचा पत्ता गोविंदमास्तरांच्या हातचा होता. तो पाहून अण्णांनी लिफाफा उघडला.

आतल्या कागदाचाही कोपरा फाटलेला होता. पण कागदावर अक्षर श्रीपादचं होतं.

'तीर्थरूप अण्णांचे चरणी श्रीपादाचा साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. खोकला गेला. थंडीविषयी मागे तक्रार केली होती, ती आता राहिली नाही. घरमालकिणीने माझी शेगडी दुसऱ्या खोलीत नेली, तरी मला थंडी वाजत नाही. बाकी मुलं हल्ली फार बोलत नाहीत. आईस नमस्कार.'

अण्णांनी तीनदा वाचलं. मग त्यांना हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी मान कलती करून एकेक अक्षर तपासलं. श्रीपादचा 'श्र' लहानपणापासून उजवीकडे झुकायचा, वेलांटी नेहमी अक्षराच्या पुढे पळायची. सगळं जिथल्या तिथे होतं. पत्ता मास्तरांनी घालून दिला असेल आणि कोपरा वाटेत कुठे अडकून फाटला असेल. अडकून फाटला तर कड इतकी सरळ कशी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. दुसऱ्या कोणाच्या कागदावर नक्की विचारला असता.

तुळसाबाई मागच्या दारात खांबाला धरून उभ्या होत्या.

"काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"खोकला गेला म्हणतोय," अण्णा म्हणाले.

तुळसाबाई पदरात तोंड घालून रडल्या. पत्र फाडायचं कोणाला सुचलं नाही. मुलाच्या हातचं, खुशालीचं पत्र कोण फाडील? अण्णांनी ते घरात आणलं आणि माळ्यावर श्रीपादच्या खोलीत, त्याच्या डेस्कात बाकीच्या पत्रांवर ठेवून दिलं.

झोपताना त्यांच्या लक्षात आलं की पत्रावर तारीख नाही. तारखेशिवाय कागदाला अर्थ नाही, हे त्यांनी पोराला पाचव्या वर्षी शिकवलं होतं. तारीख असते उजव्या कोपऱ्यात, आणि कोपराच नव्हता. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

३

त्यानंतर अण्णांचं कशातच लक्ष लागेना. कचेरीत ते एकच अर्ज दोनदा वाचत. घरी आले की ओसरीवर बसत, उठत, अंगणाच्या फाटकापर्यंत जाऊन परत येत. तुळसाबाई बिचाऱ्या आनंदात होत्या. भाद्रपदात ऊन पडलं तशी त्यांनी श्रीपादची कपड्यांची पेटी माळ्यावरून उतरवून घेतली आणि अंगणात उन्हात ठेवली.

त्याच दुपारी, रविवार होता, अण्णा ओसरीवर आडवे झाले असताना त्यांना माळ्यावरून बोरूचा आवाज आला.

उंदीर असेल, असं दुसरं कोणीही म्हणालं असतं. अण्णांचा जन्म बोरूच्या आवाजात गेला होता. बोरू कागदावर कुरकुरतो, ओळ संपली की थांबतो, दौतीच्या काठावर निथळताना टक् करतो आणि पुन्हा कुरकुरू लागतो. उंदीर ओळ संपवून थांबत नाही. अण्णा श्वास रोखून पडून राहिले. नऊ ओळी झाल्या. मग शाई सुकवायला वाळू भुरभुरवल्यासारखा बारीक आवाज आला आणि सगळं शांत झालं. त्यांनी वर जाऊन पाहिलं. खिडकीबाहेर खाडी आणि पलीकडचं मिठागर नेहमीसारखं होतं. डेस्क बंद होतं, खोलीत कोंदट वास होता आणि दौत कधीचीच सुकलेली होती. अण्णा स्वतःवरच चिडून खाली आले.

दुसऱ्या दिवशी दगडू आला. या वेळी त्याने पत्र अंगणातल्या दगडावर ठेवलं आणि निघून गेला. पुन्हा मास्तरांच्या हातचा पत्ता, पुन्हा फाडलेला कोपरा.

'मी खुशाल आहे. सगळे प्रदर्शन बघायला जातात, मी जात नाही. संध्याकाळी मास्तर जिन्यात नावं घेतात, माझं घेत नाहीत. मी ओ देतो. त्यांना ऐकू कमी येत असावं. खिडकीतून पाणी दिसतं आणि पलीकडे मिठाचे ढीग दिसतात, म्हणून करमतं. आईने माझी पेटी उन्हात ठेवली ते बरं केलं. कपड्यांना वास येऊ लागला होता.'

अण्णांनी शेवटची दोन वाक्यं तुळसाबाईंना वाचून दाखवली नाहीत. एडिंबरोहून पत्राला तीन आठवडे लागतात. पेटी काल उन्हात गेली होती.

ते वर गेले. जुनी पत्रं आणि ही दोन शेजारी शेजारी मांडून त्यांनी मान कलती केली. जुनी पत्रं विलायती टाकाची होती, रेघ वरपासून खालपर्यंत एकसारखी बारीक. या दोन पत्रांत उभी रेघ जाड आणि आडवी बारीक होती. ही बोरूने लिहिलेली होती. शाईसुद्धा घरी काजळी घोटून करतात तशीच होती. श्रीपादने बोरू बरोबर नेला असेल, अण्णांनी स्वतःला समजावलं. पण बोरू जागेवर आहे का, हे डेस्काचा खण उघडून बघायला त्यांचा हात धजावला नाही.

४

चार मुलांपैकी गुरुदत्त हा कल्याणचा. त्याचे वडील अण्णांच्या जुन्या ओळखीतले, त्यांना सगळे भाऊ म्हणत. पुढच्या रविवारी अण्णा गाडीने कल्याणला गेले. भाऊंच्या घरीही पत्रं येत असणार, सहज विचारून यावं, असं त्यांनी तुळसाबाईंना सांगितलं.

भाऊ एरवी मोठ्या आवाजाचा माणूस. अण्णांना दारात पाहिल्यावर तो उठला, त्याने हात धरून त्यांना सतरंजीवर बसवलं आणि स्वतः खाली मान घालून शेजारी बसला. आतून पानाचं तबक घेऊन त्याची बायको आली होती, तिला त्याने नजरेने परत पाठवलं.

"अण्णा, खरं तर मीच यायला हवं होतं," भाऊ म्हणाला. "रोज ठरवायचो. तुमच्यासमोर कसं उभं राहावं, ते कळेना बघा."

"कशाबद्दल?" अण्णांनी विचारलं. विचारतानाच त्यांना उत्तर ठाऊक होतं.

भाऊने गुरुदत्तचं पत्र पुढे केलं. सगळे कोपरे शाबूत, तारीख ठळक. आषाढ वद्य चतुर्थीला पहाटे छातीच्या तापाने श्रीपाद गेला. तिथे दहनाची सोय नाही म्हणून त्याला पुरावं लागलं. मास्तरांनी अण्णांना कळवलंच आहे, आपणही ठाण्याला जाऊन यावं. मधेच दोन ठिकाणी अक्षर पुसट झालं होतं. मुलगा रडत रडत लिहीत होता, हे अण्णांना शपथेवर सांगता आलं असतं.

"मला अजून श्रीपादची पत्रं येतात," अण्णा म्हणाले.

भाऊने गुरुदत्तचं पत्र घडी करून ठेवलं आणि तो उठला. तो नाक्यापर्यंत पोचवायला आला. निरोप घेताना 'पुन्हा या' म्हणाला नाही. सुतकाच्या घरच्या माणसाला तसं म्हणत नाहीत.

५

पितृपक्ष लागला होता. अण्णांनी भटजींना बोलावून सगळं सांगितलं. भटजी वयस्क होते, कशाला फार दचकत नसत. पण पत्रं घरात ठेवली आहेत हे ऐकल्यावर ते बसल्या जागेवरून थोडे मागे सरकले.

"कोपरा फाटलेलं पत्र उंबऱ्याच्या आत आणलंत?"

"अक्षर त्याचं होतं हो," अण्णा म्हणाले.

भटजींनी पंचांग उघडलं. मग त्यांनी सांगितलं की देह हाती नसला तर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात आणि पुढचे दिवस करतात. ते एकदा झालं की सुटतो माणूस. परवाचा दिवस चांगला होता.

तुळसाबाईंनी आतून सगळं ऐकलं होतं. परक्या माणसासमोर न येणाऱ्या त्या बाईने ओसरीवर येऊन विचारलं, "भाऊंच्या मुलाचं अक्षर तेवढं खरं, आणि माझ्या मुलाचं खोटं होय?"

 आयुष्यभर अण्णांनी ज्या विद्येवर भाकरी खाल्ली ती सांगत होती की दोन्ही अक्षरं खरी आहेत. श्रीपाद जिवंत असेल तर आपण आपल्या हातांनी त्याला जाळायला निघालो आहोत. आणि नसेल, तर तो कुठेतरी अडकून पडलाय आणि त्याची सुटका आपल्याच हातात आहे. दोन रात्री ते याच घाण्याला जुंपल्यासारखे अंगणात फिरत राहिले.

परवाचा दिवस उजाडला. खाडीच्या काठावर दर्भ, तीळ, पळसाची पानं सगळं मांडून झालं. भटजींनी पुतळ्याला डोकं बांधलं, हात बांधले. तेवढ्यात बांधावरून दगडू येताना दिसला. त्याच्या हातात पत्र होतं.

'अण्णा, आम्ही निघालो. बोटीत मला जागा दिलेली नाही, पण मी येतो. आश्विनात ठाण्याला पोचू. आईला सांगा. आणि एवढी घाई करू नका.'

अण्णांनी पत्र घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं, पायांतल्या वहाणा शोधल्या आणि पुतळा सोडायला सांगितला. भटजींनी पुतळ्याचे हात सोडले, डोकं सोडलं. पानं वाऱ्याने मिठागराकडे उडाली.

"मग तो जाणार कुठे, अण्णा?" भटजींनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

६

आश्विनातल्या त्या दुपारी ठाण्याच्या स्टेशनात ऊन नुसतं भाजून काढत होतं. तुळसाबाई हट्टाने बरोबर आल्या होत्या. नवं लुगडं नेसून त्या फलाटाच्या टोकाला सावलीत उभ्या राहिल्या. अण्णा पुढे गेले.

गाडी आली. गोविंदमास्तर उतरले, मागून तीन मुलं उतरली. तिघंही वाळली होती आणि एकमेकांना अगदी बिलगून उभी होती. मास्तरांनी अण्णांना पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अण्णासाहेब, मी तुमचा अपराधी आहे. तार नको म्हटलं. दाराशी तार आली की माणूस जागच्या जागी खचतं. म्हणून पत्र घातलं. ते वाटेत गहाळ झालं तर, म्हणून दुसरं घातलं. मग तिसरं."

अण्णांनी घरून बरोबर आणलेली तिन्ही पत्रं खिशातून काढली. "ही?"

मास्तरांनी चष्मा लावला. "हीच. कोपरे मीच फाडले." त्यांनी पहिला कागद उलगडला आणि ओळींखालून बोट फिरवत हळू आवाजात वाचलं, "कळवण्यास अत्यंत दुःख होते की चिरंजीव श्रीपाद आषाढ वद्य चतुर्थीस..."

अण्णा त्यांच्या बोटाकडे बघत होते. बोट 'खोकला गेला'वरून पुढे सरकत होतं. अण्णांनी मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे केली. 'श्र' उजवीकडे झुकलेला होता. वेलांटी पुढे पळत होती.

आपलं डोकं फिरलं असेल. पोराच्या शोकाने माणसं भ्रमिष्ट होतात, त्यात नवल काही नाही. या विचाराने अण्णांना खरोखर हायसं वाटलं. आता घरी जायचं, तुळसाला जवळ बसवून सगळं सांगायचं आणि उद्याच भटजींना बोलवायचं. त्यांनी मास्तरांचा हात दाबला. मग गुरुदत्तच्या पाठीवरून हात फिरवावा म्हणून वळले, तर तिन्ही मुलं फलाटाच्या एकाच टोकाकडे पाठ करून उभी होती, आणि गुरुदत्तने डोळे गच्च मिटले होते.

त्या टोकाला तुळसाबाई कोणाशी तरी बोलत होत्या. तो पाठमोरा होता. वैशाखात शिवून घेतलेला लांब काळा कोट त्याच्या अंगावर होता, आणि पाठीला, खांद्यापासून टाचेपर्यंत, ओली माती चिकटलेली होती. तुळसाबाई हसत होत्या. हसत हसत त्यांनी पदराने त्याच्या बाहीवरची माती झटकली आणि त्याचा हात हातात घेतला.

"कोण आहे तिकडे?" मास्तरांनी विचारलं. त्यांना कोणी दिसत नसावं.

"घरचंच आहे," अण्णा म्हणाले.

७

स्टेशनापासून घरापर्यंत अण्णा दहा पावलं मागे राहून चालले. त्यांनी एकदाही मान वर केली नाही. रस्त्यावरच्या धुळीत तुळसाबाईंच्या पावलांचे ठसे उमटत होते. शेजारी दुसरे ठसेही उमटत होते, ते ओले होते.

प्रायश्चित्त होईपर्यंत विलायतेहून आलेल्याला स्वयंपाकघरात घेत नाहीत. तुळसाबाईंनी ओसरीवर पान मांडलं. अण्णा म्हणाले, मीही इथेच बसतो. ते बसले. समोरच्या पानाशी कोणी बसलं तशी पाटाची लाकडी कुरकुर झाली, आणि माळ्यावरच्या खोलीतला तो कोंदट वास अंगावर आला.

अण्णांची नजर समोरच्या हातापलीकडे गेली नाही. हात त्याचाच होता, अंगठ्यावर लहानपणी विळी लागल्याची खूण होती. वरणभात कालवून तो हात वर जात होता, खाली येत होता, आणि बोटं कोरडीच राहत होती. तुळसाबाईंनी तिसऱ्यांदा भात वाढला, मग चौथ्यांदा. पातेल्याच्या तळाला पळी लागल्याचा आवाज आला.

"अण्णा." आवाज स्वच्छ होता, खोकल्याचा मागमूसही नव्हता. "पोट भरतच नाही. माझं काही करायचं राहिलंय का?"

तुळसाबाईंचा हात जागच्या जागी थांबला. त्या अण्णांकडे बघत राहिल्या. त्यांना सगळं ठाऊक आहे, हे अण्णांना त्या वेळी कळलं. एक शब्द पुरला असता. उद्या सकाळी भटजी आले असते, आणि दुपारपर्यंत हे पान, हा पाट, ही ओसरी कायमची मोकळी झाली असती, आणि पोराची भूक भागली असती.

"नाही रे," अण्णा आपल्या पानावरची नजर न हलवता म्हणाले. "काही राहिलेलं नाही. अगं, चुलीवर आणखी भात चढव."